खालचा नळ

टप.

कुणीच काही बोलत नव्हतं, म्हणून तो आवाज नको इतका मोठा वाटला. डॉक्टर घोरपडे बाहेरच्या खोलीच्या मधोमध उभे राहून छताकडे बघत होते. दादा त्यांच्या तोंडाकडे बघत होता. आई स्वयंपाकघराच्या चौकटीला धरून उभी होती आणि माझी कावू माझ्या ओढणीच्या टोकाला. मागच्या पडवीतून पुन्हा तेच. टप.

"गळतंय कुठंतरी," डॉक्टर म्हणाले.

"मागे एक नळ आहे. वायसर गेलंय त्याचं," दादा घाईनं म्हणाला. "आज-उद्या बदलतो."

"कशाला बदलताय? मी सगळं पाडणारच आहे."

ते इतक्या सहज म्हणाले, की रागवायलाही जागा नव्हती. दातांचे डॉक्टर ते. बोटांच्या पेरांनी त्यांनी भिंत दोन ठिकाणी ठोकून पाहिली, मान हलवली आणि फाटकाबाहेर पेशंटच्या गाड्या कुठं लागतील ते दादाला विचारत निघून गेले. चहाला थांबले नाहीत.

"आई, पाडणार म्हणजे काय पाडणार?" कावूनं विचारलं.

"काही नाही गं. जा, हात धुऊन ये, खायला देते."

ती मागे पळाली. हात धुवायला तिला कुणाची गरज लागत नसे. तो गळणारा नळ तिचाच होता.

आमचे आप्पा कराडच्या नगरपालिकेत पाणीपुरवठ्याला होते. हायवेच्या अलीकडं त्यांनी हे तीन खोल्यांचं बैठं घर बांधलं तेव्हा मी पाचवीत होते. पुढं माझं लग्न झालं, मोडलं, आणि अडीच वर्षांच्या कावेरीला कडेवर घेऊन मी त्याच घरात परत आले. आप्पांनी मला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कावूला पडवीतल्या भिंतीला टेकवून उभं केलं, तिच्या कोपराच्या खाली खडूनं रेघ मारली आणि त्या उंचीवर एक वेगळा नळ काढला. खाली परातीएवढी मोरी, तिला गुळगुळीत सिमेंटचा काठ. साबण ठेवायला एक खाच.

"अहो, दोन वर्षांत उंच होईल ती. मग काय उपयोग ह्याचा?" आई म्हणाली होती.

"होऊ दे की. तोवर 'मला उचला, मला उचला' म्हणून कुणाच्या मागं लागायला नको तिला."

पुढच्या वर्षी आप्पा गेले. त्यानंतर वायसर बदलायचं कुणाला सुचलं नाही. ते काम त्यांचं होतं.

आता कावू चौथीत आहे; घर विकलं तेव्हा ती पहिलीत होती. हे मी तिच्या तबल्याच्या क्लासबाहेरच्या पायरीवर बसून लिहितेय. क्लास सुटेपर्यंतचा वेळ तेवढा माझा. आतून चुकलेला ठेका ऐकू येतो, सर थांबवतात, पुन्हा पहिल्यापासून. तो तिचाच असतो, मला कळतं.

तर डॉक्टर गेले त्या दुपारी दादा जेवायला बसला. पुण्याहून तो शनिवारी सकाळी आला होता. आईला आता एकटीला इथं ठेवायचं नाही, ती पुण्याला येईल, घर विकायचं, हे वर्षश्राद्धालाच ठरलं होतं. 'एकटी' म्हणजे काय, मी आणि कावू होतो की, असं माझ्या मनात आलं होतं. पण आईचे गुडघे, पुण्यातले दवाखाने, दादाचा मुलगा, हे सगळं खरंच होतं. मी बालवाडीत शिकवायचे. शाळा कराडात, म्हणून मी कराडातच राहणार.

माझंही मी ठरवून ठेवलं होतं. विद्यानगरला एक जुना फ्लॅट होता, दोन खोल्यांचा, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नव्हती. पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून शाळेचं मैदान दिसायचं. मालकीणबाई मुलाकडं बडोद्याला निघाल्या होत्या आणि माझ्यासाठी महिनाभर थांबते म्हणाल्या होत्या. आमच्या घराच्या पैशातला माझा भाग आला की तो घ्यायचा. कावूला मी नेऊन दाखवूनसुद्धा आणला. तिनं खिडकीत बसून मैदानातल्या मुलांना टाटा केला. फ्लॅटचे फोटो मी दादाला मोबाइलवर पाठवले होते. त्यानं त्यावर अंगठा पाठवला. मी तो होकार समजले.

"रेणू," भाताला हात लावता लावता दादा थांबला, "घर कुणाला द्यायचं ते तू ठरव."

"मी?"

"तू राहतेस इथं. आप्पांनी प्राण सोडला तेव्हा तूच होतीस जवळ. आम्ही काय, सणाला येणार, सणाला जाणार. डॉक्टर आहेत, उद्या बाबरअण्णा येतायत, संध्याकाळी ते लोहार म्हणून कुणी जोडपं येणार आहे. तिघांना बघ. तू ज्याला म्हणशील त्याला. मी मधे बोलणार नाही."

आईनं त्याच्या पानात तूप वाढलं. "बघ," ती मला म्हणाली, "किती मानतो तो तुला."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नवऱ्याच्या घरी पडद्याचा रंगसुद्धा मला कुणी विचारला नव्हता. मी उठून आत गेले आणि उगाच फोडणीची वाटी घासत बसले.

बाबरअण्णा दुसऱ्या दिवशी सकाळी आले. ते शेजारचेच. मधली भिंत कंबरेएवढी, तिच्यावरून आयुष्यभर वाट्या इकडून तिकडं गेलेल्या. तरी त्या दिवशी ते फाटकातून, बूट घालून आले.

"आता गिऱ्हाईक म्हणून आलोय वहिनी, घरातला म्हणून नाही," असं आईला म्हणाले आणि स्वतःच हसले. मग खुर्चीत ऐसपैस बसून त्यांनी हिशोब मांडला. पैसे तीन टप्प्यांत. पहिला आत्ता, दुसरा उसाचं बिल आल्यावर, तिसरा पुढच्या उसाला.

"आणि पुढच्या उसाला हुमणी लागली तर?" दादानं विचारलं.

"अरे, मग काय मी पळून जातोय का? भिंतीपलीकडं तर आहे." ते माझ्याकडं वळले. "रेणू, तू तर मला पोरीसारखी. कधी वाटलं आप्पांची आठवण आली, तर ये की घरात. खताची पोती असतील, पण घर तेच."

"खताची पोती?"

"गोडाऊन करायचंय गं. धाकट्याचं दुकान निघतंय." ते मागे पडवीत गेले आणि तिथूनच ओरडले, "हा नळ बंद करावा लागेल हां, पोत्यांना ओल चालत नाही."

कावू माझ्याजवळ आली. "आई, अण्णा माझा नळ बंद करणार?"

"नाही गं. आपण अण्णांना देणारच नाही घर."

"कुणी सांगितलं?"

"मी. मी निवडणार आहे."

तिला ते फार आवडलं. दिवसभर ती बाहुल्या ओळीनं भिंतीला उभ्या करून हात मागे बांधून त्यांच्यापुढनं चालत होती. "तुला नाही. तुला नाही. तुला बघू."

संध्याकाळी लोहार आले. निखिल आणि तेजस्विनी. तो पतसंस्थेत कारकून, ती नर्स. तिला सातवा चालू होता. चप्पल काढताना तिनं त्याच्या खांद्याचा आधार घेतला. दोघं एका जुन्या स्कूटरवरून आले होते आणि आल्या आल्या निखिल म्हणाला, "आमचं आधीच सांगतो. आम्हाला डॉक्टरांएवढं जमणार नाही. कर्ज मंजूर झालंय तेवढंच आहे. मग घर बघितलं आणि नाही म्हटलं तर तुमचा वेळ गेला असं नको."

"बघा तर," आई म्हणाली. "बघायला काय पैसे पडतात?"

त्यांनी भिंती ठोकल्या नाहीत. तेजस्विनी प्रत्येक खोलीच्या उंबऱ्यात क्षणभर थांबायची आणि मग आत पाऊल टाकायची, जणू आत कुणी झोपलंय. पडवीत ती थबकली.

"हा नळ इतका खाली का?"

मी सांगणार इतक्यात कावूच पुढं झाली. "माझा आहे. आजोबांनी बसवला. मी आता मोठी झालेय, पण तरी माझाच आहे."

तेजस्विनीनं एक हात भिंतीला लावला, दुसरा कमरेला, आणि सातव्या महिन्याची ती बाई हळूहळू खाली वाकली. नळ सोडला. पाण्याखाली बोटं धरली. मग वर माझ्याकडं बघून हसली. असं हसली, जणू आप्पांनी ती रेघ मारताना ती तिथंच उभी असावी.

"अहो, हे बघा ना," तिनं नवऱ्याला हाक मारली. "आपल्या बाळाला उचलावंच लागणार नाही."

निखिल गुडघ्यावर बसला. नळ फिरवून बघितला. "वायसर गेलंय. माझ्याकडं असेल डिकीत." आणि खरोखरच स्कूटरच्या डिकीतून पाना आणि वायसर घेऊन आला. घर कुणाचं होणार हे कुणालाच माहीत नसताना त्यानं तो नळ दुरुस्त केला, हात पुसले, आणि मग दोघं गेली.

ती गेल्यावर घरात इतकी शांतता झाली, की आईनं विचारलं, "काय बंद पडलं गं?"

रात्री दादा परत पुण्याला निघाला तेव्हा मी फाटकापर्यंत गेले.

"लोहारांना देऊ," मी म्हणाले.

"डॉक्टरांपेक्षा आठ लाखांनी कमी आहेत ते, रेणू."

"माहितीये. पण ते घर ठेवतील."

"नक्की?"

"नक्की."

"बरं." त्यानं गाडीचं दार उघडलं. "मी बोललो होतो, मधे येणार नाही. नाही येत."

कितीतरी वर्षांनी मी त्याला मिठी मारली. त्यानं माझ्या पाठीवर थोपटलं, आणि गाडी निघून गेली.

"लोहारकाकूंनाच का?" कावूनं अंथरुणात विचारलं. "डॉक्टरांना का नाही?"

"त्या तुझा नळ बघून हसल्या ना. म्हणून."

"नुसतं हसल्या म्हणून?"

"हो. नुसतं हसल्या म्हणून."

ती विचार करत झोपली.

दोन-तीन दिवसांनी वहिनीचा फोन आला. माझी शाळा सुटत होती, मुलांच्या चपला जोड्या लावून देत होते मी, मोबाइल खांदा आणि कानामध्ये धरून. वहिनीशी माझं कधी वाकडं नव्हतं, पण फार गोडही नव्हतं.

"रेणू, घर कुणाला द्यायचं ते तू ठरवलंस म्हणे."

"हो. दादानं मला विचारलं."

"छान. आणि तू त्यांना विचारलंस का काही? तुझं काय ते?"

मला तो टोमणा वाटला. आठ लाख गेल्याचा राग आला असेल तिला, असं वाटलं. "वहिनी, त्यानं मला विचारलं हेच माझ्यासाठी खूप आहे," मी म्हणाले.

एका मुलाची चप्पल उलटी घातली गेली होती, ती मी काढून परत घातली.

"बरं," वहिनी म्हणाली. "मी फोन केला होता, असं त्यांना सांगू नकोस."

रजिस्ट्रीच्या दिवशी दादा पहाटेच निघून सकाळी पोचला. त्याच्या गाडीत आईच्या दोन बॅगा ठेवायच्या म्हणून मी डिकी उघडली, तर आत पुण्याच्या एका दुकानाची पिशवी होती, साडीची. तेजस्विनीसाठी आणली असेल असं मला वाटलं. घरात पहिलं बाळ येणार, ओटी भरायची असेल. दादाला इतकं सुचलं याचं मला कौतुक वाटलं.

ऑफिसच्या व्हरांड्यात बाकं भरलेली. आम्ही जिन्याच्या कडेला उभे राहिलो. वकील कागद घेऊन आत-बाहेर करत होते. लोहार जोडपं अंगणातल्या झाडाखाली बसलं होतं. तेजस्विनीला उभं राहवत नव्हतं. कावूला मी शेजारच्या बाबरकाकूंकडं ठेवून आले होते.

"आधी हक्कसोड होईल, मग खरेदीखत," दादा म्हणाला. "तू आणि आई माझ्या नावे सोडणार, मग मी एकटा लोहारांना देणार. बँकेला सोपं पडतं."

हक्कसोड काय असतं ते मला माहीत होतं. या घरावर माझा काही हक्क नाही, असं मीच लिहून द्यायचं. आमच्या आत्यांनी आप्पांना दिलं होतं, माझ्या मैत्रिणींनी त्यांच्या भावांना दिलं होतं. पण इथं घर विकलंच जाणार होतं. कागदावर काहीही असलं तरी पैसे यायचे होते, आणि पैसे आल्यावर दादा होताच.

"दादा, त्या फ्लॅटच्या बाईंना पुढच्या आठवड्यात टोकन द्यावं लागेल. त्यांना बडोद्याला जायचंय."

"कुठल्या फ्लॅटच्या?"

"विद्यानगरच्या. मी फोटो नाही का पाठवले?"

"हां, ते." तो कागद चाळत होता. "चांगला आहे की. कर्ज काढतेयस?"

मी त्याच्याकडं बघत राहिले. "मला बालवाडीच्या पगारावर कोण कर्ज देणार? मी म्हटलं, या घराचं..."

आता त्यानं वर पाहिलं. मला आठवतंय, त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. ती असती तर बरं झालं असतं.

"रेणू, डॉक्टर आठ लाख जास्त देत होते. ते मी मनात तुझ्यासाठीच धरले होते. बाकीचं आईचं पुढचं सगळं आहे, गुडघ्यांचं ऑपरेशन आहे, तिच्यासाठी मला मोठं घर घ्यावं लागतंय. वरचे आठ तुझे. तू लोहारांना म्हणालीस. मी एका शब्दानं विचारलं का, की का म्हणून? सोडले. तुझ्या शब्दाखातर सोडले मी आठ लाख."

"हे तू मला सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस."

जिन्यावरून कुणीतरी धक्का देऊन गेलं. तो म्हणाला, "मला वाटलं, तुला ते नकोच आहेत. आप्पांचं घर राहावं म्हणून तू सोडतेयस. मी हिला सांगितलंसुद्धा, की बघ, माझी बहीण कशी आहे."

'हिला' म्हणजे वहिनीला. चपलांच्या जोड्यांत उभं राहून मी तिला काय उत्तर दिलं होतं, ते मला तेव्हा आठवलं.

"आई?" मी म्हणाले.

आई पर्समध्ये चष्म्याचं घर शोधत होती. चष्मा तिच्या डोळ्यांवरच होता.

"आई, तुला माहीत होतं?"

"वाटा मागितला की माहेर राहत नाही, बाळा," ती अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये असं म्हणाली. "मी नाही मागितला माझ्या भावांकडं. अजून मान आहे मला तिथं."

"आई, आपण इथं माहेर विकायलाच आलोय."

"हळू बोल. लोक आहेत."

तेवढ्यात झाडाखालून तेजस्विनी उठून आली, एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात शेंगदाण्याची चिक्की. "ताई, सकाळपासून उभ्या आहात तुम्ही. थोडं खा." मग ओशाळून म्हणाली, "मला बाबरअण्णांकडून कळलं, डॉक्टर किती जास्त देत होते. तरी तुम्ही आम्हाला... मी बाळाला सांगणार आहे, कुणामुळं घर मिळालं ते."

मी चिक्की आणि बाटली घेतली. तिच्या हाताला सूज होती, अंगठी रुतली होती.

मी नाही म्हणू शकत होते. तो दिवस मी पुन्हा पुन्हा आठवते तेव्हा या ठिकाणी नेहमी थांबते. मी फक्त 'नाही' म्हणायचं होतं, आणि ती सुजलेल्या पायांनी परत स्कूटरवर बसून भाड्याच्या खोलीत गेली असती, आणि आई रस्त्यात रडली असती, आणि दादा... दादानं मला पुढं काय काय ऐकवलं असतं कुणास ठाऊक. कदाचित काहीच नाही. कदाचित त्यानं गपचूप काढून दिले असते. मला अजूनही कळत नाही.

आतून नावं पुकारली.

आईनं पहिल्यांदा अंगठा दिला. मशीनवर ठेवला, लगेच उमटला. मग माझी पाळी. फोटो निघाला. कारकून म्हणाले, "डावा अंगठा."

मी ठेवला. काही झालं नाही.

"उचला. परत ठेवा."

परत काही नाही.

"भांडी घासता का ताई घरी? पावडर लावून?" ते कंटाळून म्हणाले. "रेघा गेल्यात. बायकांचं हे नेहमीचं आहे. पुसून ठेवा."

मी ओढणीला पुसून ठेवला. स्क्रीन पांढराच राहिला. मागून लोक सरकले.

"नाही आला तर?" मी विचारलं.

"नाही आला तर आज होणार नाही. दुसरी तारीख घ्या."

मी अंगठा तसाच हवेत धरून उभी राहिले. माझ्या मनात काय आलं ते सांगण्यासारखं नाही. एवढंच, की माझ्या अंगठ्यानं ते केलं होतं जे मला तोंडानं जमत नव्हतं, आणि मला वाटलं, असाच राहा.

दादा पुढं झाला. त्यानं खिशातून रुमाल काढला, तेजस्विनीच्या बाटलीतल्या पाण्यानं त्याचं टोक ओलं केलं आणि माझा अंगठा हातात घेतला. लहानपणी जांभळं खाऊन आलो की आईला कळू नये म्हणून तो असाच माझी बोटं पुसायचा, एकेक, नखाच्या कडेपर्यंत. तसाच पुसला. मग रुमालाच्या कोरड्या बाजूनं टिपला. फुंकर मारली.

"आता ठेव," तो हळू म्हणाला. "दाबू नकोस. नुसता ठेव."

मी ठेवला. काचेवर एकेक रेघ उमटत गेली.

"आला," कारकून म्हणाले. "पुढचे या."

घरी आल्यावर आईनं मला रिकाम्या बाहेरच्या खोलीत पाटावर बसवलं. सामान गेलं होतं, पाट बाबरकाकूंचा होता. कुंकवाच्या करंड्यापाशी तिचा हात क्षणभर अडखळला, मग तिनं नुसतं हळदीचं बोट लावलं. माझ्या ओढणीत नारळ, तांदूळ आणि पुण्याच्या दुकानाची ती पिशवी घातली. मोरपंखी साडी. काठ मला आवडतात तसेच, बारीक.

"तुझ्या दादानं स्वतः निवडलीय," आई म्हणाली.

पुण्याहून निघताना. पहाटे. डिकीत. म्हणजे मी अंगठा देण्याच्याही आधी.

दादानं मला वाकून नमस्कार करू दिला नाही. "वेडी आहेस का," म्हणाला, आणि त्याचेच डोळे भरून आले. मग आईला पुढच्या सीटवर बसवून, तिच्या गुडघ्यावर शाल घालून तो गेला. लोहारांना किल्ली मी दिली. पडवीत कावूनं शेवटचं हात धुतले, नळ घट्ट बंद केला आणि कान लावून उभी राहिली. नळ गळत नव्हता.

लोहारांबद्दल माझी काही तक्रार नाही. घर आहे तसंच आहे. बाळ आता त्या नळापाशी उभं राहतं, असं बाबरकाकू सांगतात.

दादा भाऊबीजेला येतो. मी ओवाळते. साडी मी अजून का नेसले नाही, हे त्यानं विचारलेलं नाही.

विद्यानगरच्या बाई बडोद्याला गेल्या. खोली मिळेपर्यंत बाबरकाकूंनी आम्हा दोघींना ठेवून घेतलं होतं. मी खोल्या बघत फिरू लागले, शाळा सुटल्यावर, कावूचा हात धरून. पहिल्या घरी विचारलं, मिस्टर कुठं असतात. मी खरं सांगितलं. ते म्हणाले, आम्ही फॅमिलीलाच देतो. दुसऱ्या घरी विचारलं, येणारं-जाणारं कोण कोण आहे. मी म्हटलं, माझा भाऊ आहे पुण्याला. ते म्हणाले, भाऊ आहे तर त्याच्याकडं का राहत नाही?

तिसरं घर मंगळवार पेठेत होतं. मागच्या अंगणात दोन खोल्या, वेगळा जिना. मालकीणबाई दारातच उभ्या राहिल्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग कावूला पाहिलं, तिच्या चपलांना लागलेला चिखल पाहिला.

"थांबा हं, ह्यांना विचारून येते," त्या म्हणाल्या आणि दार अर्धवट लोटून आत गेल्या.

आम्ही पायरीवर उभ्या राहिलो. मी कावूच्या कपाळावरचे केस मागे सारले. तिची चप्पल पायपुसण्यावर घासली. आत कुणीतरी टीव्हीचा आवाज बारीक केला.

"आई."

"हं."

"लोहारकाकू माझा नळ बघून हसल्या, म्हणून तू त्यांना निवडलंस ना?"

"हो गं."

कावूनं दाराच्या फटीला डोळा लावला आणि आतल्या खोलीत इकडून तिकडं नीट बघितलं. मग वळून माझा हात ओढला आणि अगदी कुजबुजत विचारलं,

"मग इथं मी काय बघून हसू?"